२७ खंड आणि एक उरलेला स्क्रू

शोनेन मांगातल्या, म्हणजे पोरांसाठीच्या जपानी चित्रकथांतल्या बायकांबद्दल माझी जुनी तक्रार आहे. त्यांना काम नसतं. रडायला असतात, वाट बघायला असतात, हिरो मार खाऊन पडला की त्याचं नाव घेऊन किंचाळायला असतात. हल्ली लाथा मारायलाही असतात, ते बरंच झालं म्हणायचं. पण सकाळी उठून स्वतःच्या कामाला लागलेली, दुपारी त्या कामात अडकून डोकं खाजवत बसलेली बाई या प्रकारात शोधावी लागते. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चे २७ खंड वाचून झाल्यावर लिहायला बसले ते यासाठीच, की इथे ती सापडली. आणि एकच नाही, चांगल्या पाच-सात.

मी सावद्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवते. सबमर्सिबल, ओपनवेल, मोनोब्लॉक, जे जळून येईल ते. पाटीवर नाव भावाचं आहे. भाऊ चाकणला कंपनीत लागला त्याला जमाना झाला, पण पाटी अण्णांनी बदलली नाही आणि मीही मागे लागले नाही. रंगवायचे पैसे कोण देणार. भाच्याला या मांगाचं वेड. सुट्टीत येतो तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. मागच्या उन्हाळ्यात त्याने तिसरा खंड माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, “आत्या, पहिले दोन नंतर वाच. यात तुझ्यासारखी एक आहे.”

तिसऱ्यापासून सुरुवात करा असं मी कोणाला सांगणार नाही, पण त्या पोराने गिऱ्हाईक बरोबर ओळखलं होतं.

ज्यांना हे सगळंच नवं आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. शोनेन म्हणजे जपानमध्ये पोरांसाठी म्हणून निघणाऱ्या मासिका-साप्ताहिकांतल्या चित्रकथा. त्यातलं सगळ्यात दांडगं साप्ताहिक ‘शोनेन जंप’, १९६८ पासून चालू. ‘नारुतो’, ‘वन पीस’, ‘ब्लीच’ ही सगळी तिथली. ‘फुलमेटल’ त्यातलं नाही. हे ‘शोनेन गंगान’ नावाच्या मासिकात २००१ ते २०१० चाललं, १०८ प्रकरणं. लिहिणारी आणि काढणारी हिरोमू अराकावा ही बाई आहे. खरं नाव हिरोमी, छापायला पुरुषी वाटेल असं हिरोमू घेतलं. आमच्या पाटीची आठवण झाली, दुसरं काय.

ही अराकावा होक्काइदोतल्या दुभत्या गाई पाळणाऱ्या घरातली. टोकियोला चित्रं काढायला जाण्याआधी तिने घरच्या गोठ्यात काही वर्षं काम केलंय, आणि स्वतःचं चित्र काढते तेव्हा चष्मा लावलेली गाय काढते. मला हे आधी माहीत नव्हतं, पण पाच-सहा खंडांनंतर संशय यायला लागला होता की ही बाई कष्टाच्या घरातली असणार. तिच्या गोष्टीत कोणी रिकामं बसलेलं नाही. खानावळवाली खानावळ चालवते, पुस्तकं चाळणारी पोरगी पुस्तकंच चाळते आणि त्यावर पगार मिळवते, म्हातारी पिनाको पाइप ओढत ओढत स्क्रू पिळते. लढाई जगाच्या अंताची का असेना, मध्येच कोणीतरी जेवणाचं विचारतंच.

गोष्ट थोडक्यात. एडवर्ड आणि अल्फॉन्स एल्रिक हे दोन भाऊ मेलेल्या आईला किमयेने परत आणायला जातात. किमया उलटते. एडचा पाय जातो, धाकट्याचं अख्खं शरीर जातं, मग त्याचा जीव एका चिलखतात अडकवण्यासाठी एड हातही देऊन बसतो. त्या हातापायांच्या जागी यंत्राचे हात-पाय बसतात, त्याला गोष्टीत ‘ऑटोमेल’ म्हणतात. ते बनवते शेजारची विन्री रॉकबेल आणि तिची आजी, तीच ती पिनाको. विन्री एडच्याच वयाची, गोष्टीत पंधरा वर्षांची. नात्याने म्हणाल तर हिरोची बालमैत्रीण, पुढची बायको. म्हणजे साचा तोच, जुनाच. फरक असा की हिरोचा उजवा हात तिने बनवलाय. तो हात नसेल तर हिरोला साधी टाळी वाजवता येत नाही, आणि टाळी वाजवल्याशिवाय त्याची किमया चालत नाही.

इथून पुढे गोष्टीतले तपशील फुटतील. वाचायचं असेल त्यांनी शेवटच्या दोन परिच्छेदांवर जावं, तिथे कोणता सेट घ्यायचा ते लिहिलंय.

आता तो स्क्रू. एडचा हात एका हल्ल्यात चक्काचूर होतो आणि तो दुरुस्तीला गावी येतो. घाई आहे म्हणतो. घाई कोणाला नसते! विन्री आणि आजी रात्री जागून तीन दिवसांत नवा हात उभा करतात, बसवतात, आणि भाऊ निघून जातात. पुढे एका पडक्या प्रयोगशाळेत मारामारी होते आणि तो हात ऐन वेळी दगा देतो. एड दवाखान्यात. फोन करून विन्रीला बोलावतो. ती हत्यारांची पेटी घेऊन रेल्वेने येते आणि तेव्हा तिच्या लक्षात आलेलं असतं की हात जोडताना एक स्क्रू लावायचा राहिला. एडला याचा पत्ताच नाही. तो बिचारा उलट म्हणतो की मीच हात फार आदळआपट करून वापरला, तुझा दोष नाही. विन्रीच्या चेहऱ्यावर घाम. ती काही कबूल करत नाही. गुपचूप हात उघडते आणि दुरुस्त करते.

मी हे पान तीनदा मागे जाऊन वाचलं. आमच्या धंद्यात मोटर बंद करून झाल्यावर ट्रेमध्ये एखादा वॉशर उरलेला दिसणं हा काय प्रकार असतो ते ज्याने मशीन खोललंय त्यालाच कळेल. पोटात गोळा येतो. गिऱ्हाईक समोर बिडी ओढत बसलेलं असतं आणि तुम्ही तोंड सरळ ठेवून परत पाना उचलता. अराकावाने ते तोंड बरोबर काढलंय. डोळे मोठे, ओठ घट्ट, नजर जरा बाजूला.

आणि लिखाण म्हणून बघा. शोनेनमधली बाई चुकते ती कशी? हिरोचं ऐकलं नाही म्हणून पळवली जाते, नको त्या माणसावर जीव लावते, नको तिथे मध्ये येते. तिची चूक म्हणजे हिरोच्या पुढच्या पराक्रमाची सोय. विन्रीची चूक कामातली आहे. तिच्या कामावर दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे म्हणून त्या चुकीला वजन आहे, आणि लेखिका त्यावरून तिला रडवत नाही, धडा शिकवत नाही, विनोद करून पुढे जाते. पुरुष पात्राला ही सवलत कायम मिळते. कसलेला कारागीर, तरी एखादा दिवस वाईट. बाईला ती मिळालेली मी या खंडांत पहिल्यांदा वाचली.

बाकीच्यांशी तुलना केल्याशिवाय हे कळणार नाही. ‘नारुतो’ भाच्याबरोबर मीही पूर्ण बघितलंय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. त्यातल्या साकुरावर, म्हणजे हिरोच्या तुकडीतल्या पोरीवर सगळे तुटून पडतात, मी पडणार नाही. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला वाळूच्या गावात कांकुरो नावाचा लढवय्या विषाने मरायला टेकलेला असतो. कोणाला उतारा माहीत नाही. साकुरा येते, त्याच्या अंगातून विष ओढून काढते आणि मग बसून उतारा तयार करते. ती साकुरा मला पाहिजे होती. लेखकाच्या हातात ती होती, आणि त्याने ७२ खंड होईपर्यंत तिला परत सासुकेच्या, म्हणजे तिच्या आवडत्या पोराच्या मागे उभी केली. काम दिलं आणि काढून घेतलं. याला मी काम न देण्यापेक्षा वाईट मानते.

‘वन पीस’मधल्या नामीला काम आहे. जहाज तिच्याशिवाय हलत नाही, नकाशे तिचे, वारा तिला कळतो. पण तिचे कपडे खंडागणिक आखडत गेले आणि कंबर इतकी बारीक झाली की जेवण कुठे जात असेल याची काळजी वाटते. ‘डेमन स्लेअर’च्या नेझुकोच्या तोंडात तर पहिल्यापासून बांबू. २३ खंडांची गोष्ट, जिच्यासाठी सगळं चाललंय तिला त्यातल्या बऱ्याच खंडांत बोलायची सोय नाही. चित्रं देखणी आहेत, भाच्याच्या खोलीत तिचं पोस्टर आहे, पण आपण बायकांचं लिखाण बघतोय ना? ‘जुजुत्सु काइसेन’ची नोबारा मला आवडली होती. खेड्यातली पोरगी, टोकियोला जायचं म्हणून जादूटोण्याच्या शाळेत आलेली, हातात हातोडा आणि खिळे. हत्यारावरूनच जीव जडला. आमच्याकडच्या पोरी पुण्याला जायचं म्हणून कोणत्याही कोर्सला नाव घालतात, त्यातलीच ती. तर तिला शिबुयाच्या लढाईत पाडलं आणि जवळजवळ शेवटाला उठवलं. मांगा संपली ३० सप्टेंबर २०२४ ला. मधली वर्षं वाचक विचारत राहिले की बाई जिवंत आहे का मेली, आणि लेखक उत्तर देईना.

परत विन्रीकडे. पाचव्या खंडात ती भावांबरोबर रश व्हॅली नावाच्या गावी जाते. ते गाव म्हणजे ऑटोमेलवाल्यांची पंढरी. गल्लीत पाऊल ठेवल्याबरोबर ती सुटते. याचा हात बघ, त्याचा सांधा बघ, हे कसं जोडलंय, हे खोलून दाखवा ना. एड लाजतो, लोक हसतात. मला जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्यांदा नवीन वाइंडिंग मशीन बघायला गेले होते तो दिवस आठवला. अण्णा मला म्हणत होते, “चाल आता, लोकं पाहू राहिले.” लोकं पाहत होतेच.

त्याच गावाबाहेर डोंगरावर डॉमिनिक नावाचा तुसडा कारागीर राहतो. वादळात पूल पडतो आणि त्याच्या सुनेला कळा सुरू होतात. डॉमिनिक लांबच्या वाटेने डॉक्टर आणायला निघतो. मागे राहिलेल्यांत मरण आणि किमया यांच्यावर मोठमोठ्या गप्पा मारणारे दोन पुरुष, त्यांनी आख्खा माणूस तयार करायचा घाट घातलेला, आणि आता नुसती पळापळ. विन्रीचे आईवडील डॉक्टर होते. त्यांची पुस्तकं तिने लहानपणी चित्रांची पुस्तकं वाचावीत तशी वाचलेली. तेवढ्यावर ती बाळंतपण करते. भीतीने हात थरथरतात, आवाज चढतो, पाणी तापवा, कपडे आणा. मूल रडतं. आणि मग तिच्या पायातलं बळच जातं, उठता येईना, एडला तिला पाठीवर घ्यावी लागते.

पाय गळणं हे त्यातलं सगळ्यात खरं. हात चालू असतात तोवर काही होत नाही.

यानंतर ती काय करते, तर डॉमिनिकच्या मागे लागते की मला शिकाऊ म्हणून ठेवा. तो नाही म्हणतो, पण गावातल्या दुसऱ्या कारागिराकडे पाठवतो, आणि ती तिथे कामाला राहते. भाऊ आपल्या वाटेने पुढे. इथे मी भाच्याला म्हटलं की हे बघ, हिरोईन गोष्टीतून उठून नोकरीला गेली. पुढच्या कितीतरी पानांवर ती दिसत नाही, आणि तरी आपल्याला माहीत असतं की ती रश व्हॅलीत बसून काम करतेय. ती दिसत नसताना थांबलेली नाही. माझी परीक्षा तेवढीच आहे खरं तर. हिरो पानावर नाही तेव्हा ही बाई काय करते? बहुतेक मांगांत याचं उत्तर ‘काही नाही’ असं येतं.

भाचा यावर भांडला. म्हणाला, “आत्या, मग स्कारच्या वेळी काय?” तो प्रसंग असा की विन्रीच्या आईवडिलांना मारणारा माणूस तिच्या समोर येतो, आणि ती पिस्तूल उचलते. चालवता येत नाही. एड मध्ये येतो आणि म्हणतो की तुझे हात मारण्यासाठी नाहीत, त्यांनी बाळ जगात आणलं, मला उभं केलं. वाचताना गळा दाटतो, ते मान्य. पण मला ते बोचलंही. तिच्या हातांचं काय करायचं हे ठरवणारा तू कोण? आईबाप तिचे गेले. स्वतः हा पोरगा दर दोन प्रकरणांनी कोणाचं ना कोणाचं तोंड फोडतो, आणि हिच्या हातांना मात्र सोवळं.

तर भाच्याने मला पुढचा भाग काढून दिला. उत्तरेच्या बर्फात तोच स्कार जखमी आणि बांधलेला तिच्यासमोर आहे. ती त्याच्या हाताला पट्टी बांधते. क्षमा केलेली नाही, असं तोंडावर सांगते. आईवडील असते तर त्यांनी हेच केलं असतं म्हणून बांधते. कोणी सांगितलेलं नाही, कोणी अडवलेलं नाही. आणि लगेच पुढे, सैन्याने तिला ओलीस म्हणून आणलंय हे कळल्यावर, स्कारनेच मला पळवून नेल्याचं नाटक करूया ही युक्तीही तीच काढते. पळवली जाणारी हिरोईन या प्रकारात पोत्याने मिळतील. स्वतःच्या पळवापळवीचा बेत आखणारी मला दुसरी माहीत नाही. भाचा तेवढा वाद जिंकला. एडचं ते वाक्य मला अजून बोचतं, ते वेगळं.

त्याच उत्तरेच्या भागात धंद्याची एक गोष्ट आहे ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एड नेहमीचा पोलादी हात घेऊन बर्फात जातो आणि तिथला डॉक्टर त्याला झापतो की या थंडीत हे पोलाद अंगाला लावून मरशील. विन्री मग वेगळ्या, हलक्या मिश्रधातूचा हात बसवते, आणि त्याला बजावते की हा थंडीला चालेल पण ताकदीला पहिल्याइतका नाही. हे शंभर टक्के बरोबर आहे. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटरला वार्निश मारलेली तांब्याची तार चालते, बोअरमध्ये सोडायच्या पाण्यातल्या मोटरला प्लास्टिकचं आवरण असलेली तार लागते, आणि एकाची तार दुसऱ्यात घातली की आठवड्यात मोटर परत दारात. जागा बदलली की माल बदलतो आणि काहीतरी सोडावं लागतं. जादूच्या गोष्टीत कोणी एवढं बघत नाही. अराकावा बघते, आणि ते ज्ञान बाईच्या तोंडी देते. आमच्या दुकानात अजून लोक येऊन म्हणतात, “ताई, मोटर जयली. अण्णा नही का? मंग मी उद्या येतो.” उद्या येतात, अण्णा खुर्चीवर बसून चहा पितात, मोटर मीच खोलते, आणि हिशेब अण्णांना विचारतात. अण्णा सांगतात, “तिले इचारा.”

रश व्हॅलीत विन्रीला असं कोणी विचारत नाही. हे मला आधी खोटं वाटलं. मग वाटलं, बरंय. लेखिकेने तो सगळा रडगाणं प्रकार गाळून थेट कामावर यायचं ठरवलं. बाई असून कसं जमतं, हा प्रश्न २७ खंडांत तिला विचारलाच जात नाही.

बाकीच्या बायका भरभर सांगते, नाहीतर हे संपणार नाही. इझुमी कर्टिस, भावांची गुरू, खाटकाची बायको, माणसं हवेत फेकते आणि कोण तुम्ही विचारलं की “साधी गृहिणी” म्हणते. तिचं मूल गेलेलं आहे, आणि त्या दुःखात तिनेही भावांनी केली तीच आगळीक केलेली आहे. हसवणारं पात्र म्हणून आणून हळूहळू तिचं हे उघड करतात, फार चांगलं केलंय. रिझा हॉकआय बंदूकवाली. साहेबाच्या मागे उभी असते, पण साहेब वाटेवरून घसरला तर त्याला गोळी घालायचं काम त्यानेच तिला दिलेलं आहे. लान फान नावाची अंगरक्षक मुलगी आपला जखमी हात स्वतः तोडून कुत्र्याला बांधते, रक्ताचा माग काढणाऱ्याला चकवायला. आणि ब्रिग्जच्या किल्ल्याची मेजर जनरल ऑलिव्हिए आर्मस्ट्राँग. खांद्यावर हात ठेवून गोडगोड बोलणाऱ्या वरिष्ठ जनरलला ती तलवारीने कापून ओल्या काँक्रीटमध्ये सोडते. हे पान मी फोटो काढून बहिणीला पाठवलं. ती सरकारी कार्यालयात आहे. तिने नुसता अंगठा पाठवला.

आता दोष. विन्रीचे कपडे. कामाला बसते तेव्हा डांगरी कमरेला बांधलेली आणि वर पोट उघडं. ग्राइंडरच्या ठिणग्या अंगावर घेतल्यात का कधी? कानात ओळीने रिंगा, केस लांब मोकळे, समोर फिरणारं मशीन. रुमाल बांधते डोक्याला, तेवढीच अक्कल. अराकावा एवढी बारीक बघणारी बाई, इथे मासिकाच्या पोरांकडे बघून सैल पडलीय. दुसरं, ती एडला पाना फेकून मारते. विनोद म्हणून पहिल्यांदा चालला, दहाव्यांदा नाही. शिवाय पान्याची धार बिघडते. तिसरा दोष मोठा आहे. शेवटच्या महायुद्धात, म्हणजे शेवटच्या बऱ्याच खंडांत, विन्री घरी गावाला आहे. कारागीर रणांगणावर कशाला जाईल हा बचाव मला पटतो, आणि एड लढतोय ते तिच्याच हातापायावर हेही खरं. तरी एवढं सगळं करून शेवटी दारात उभी राहून वाट बघायची पाळी तिच्यावर आलीच. एल्रिक भावांची आई तर नेहमीप्रमाणे मरण्यापुरतीच आली होती. पोरांच्या आठवणीत कपडे वाळत घालते, हसते, संपलं.

पण शेवट लेखिकेने सावरलाय. एडला खरा हात परत मिळतो, पाय मात्र यंत्राचाच राहतो. म्हणजे गिऱ्हाईक जन्माचं बांधलं गेलं. आणि स्टेशनावर तो लग्नाचं विचारतो ते किमयेच्या देवाणघेवाणीच्या नियमाने, की माझं अर्धं आयुष्य तुला, तुझं अर्धं मला. ती त्याला वेड्यात काढते, अख्खं देते म्हणते, मग टक्के कमी-जास्त करत पंच्याऐंशीवर येते. एवढा रोखठोक होकार मी वाचलेला नाही.

सेट कोणता घ्यावा? इंग्रजीत तीन प्रकार मिळतात. सुटे २७ खंड, त्यांचाच खोक्यातला सेट, आणि तीन-तीन खंड एकत्र बांधलेल्या नऊ जाडजूड प्रती. शिवाय १८ भागांची एक कडक पुठ्ठ्याची महागडी आवृत्ती आहे, ती कपाटात ठेवणाऱ्यांसाठी. एकेक सुटा खंड चार-पाचशेच्या घरात जातो, तेव्हा आधी पाच घ्या. पहिल्या दोनात नीना नावाच्या लहान पोरीचं भयंकर प्रकरण आहे, लहान मुलं असतील घरात तर आधी स्वतः वाचा. तीन ते पाच हा विन्रीचा पट्टा. तिथे मन बसलं तर पुढचे घ्याच, नाही बसलं तर पैसे वाचले. तीन-एकत्र घेऊ नका. शिवणीजवळची चित्रं दिसायला पुस्तक फाकवावं लागतं आणि आमच्या मे महिन्यात डिंक सुटतो, भाच्याची एक प्रत तशीच दोन तुकड्यांत आहे. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं, पहिल्या खंडात पाच मिनिटं गोंधळ होतो, नंतर हात बसतो. प्रत्येक खंडाच्या शेवटी चार-चार चौकटींचे विनोद आहेत आणि त्या खंडात मेलेली पात्रं वर स्वर्गात जाताना काढलेली आहेत. ती पानं वगळू नका. वाचायचा कंटाळा असेल तर ‘ब्रदरहूड’ नावाची ६४ भागांची ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका, मांगाला बरीच धरून आहे. २००३ ची जुनी ५१ भागांची ॲनिमे मांगा अपुरी असतानाच काढलेली, ती पुढे स्वतःच्या वाटेने जाते. चांगली आहे, पण माझी विन्री तिच्यात नाही.

हे संपल्यावर याच बाईची ‘सिल्व्हर स्पून’ घ्या, शेतकी शाळेची गोष्ट. तिच्यातली आकी घरचा गोठा सांभाळायचा की घोड्यांचं काम करायचं यात अडकलेली आहे, आणि आमच्या भागात केळीच्या बागेत आणि एमपीएससीच्या क्लासमध्ये अडकलेल्या पोरी बघितल्यावर ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ताज्यात ‘दानदादान’ची मोमो तोंडाची फटकळ आणि डोक्याची तेज आहे, मात्र पहिल्याच प्रकरणात तिचे कपडे उतरवायचा उद्योग लेखकाने का केला ते त्यालाच माहीत. ‘फ्रीरेन’ मी चालू केलीय, अजून मत झालेलं नाही. ‘फुलमेटल’ला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या उघड्या पोटाचा आणि फेकलेल्या पान्यांचा मिळून. सावदा-फैजपूरकडच्या कोणाला पहिले पाच खंड नुसते वाचायला पाहिजे असतील तर दुकानात ठेवलेत, वार्निशच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. नेलेला परत आणल्याशिवाय पुढचा मिळत नाही, भाच्यालासुद्धा.